लॅपटॉपची बॅटरी : आरोग्य आणि आयुर्मान

वैद्यकीय व्यवसायात संगणक आता पाहुणा राहिलेला नाही. रुग्णाची नोंद, लसीकरणाचे वेळापत्रक, वाढीचे आलेख, प्रयोगशाळेचे अहवाल, विमा कंपनीला पाठवावयाची कागदपत्रे या सर्वांचा भार आज टेबलावरील लॅपटॉप वाहतो. आपल्या हुबळी-धारवाड परिसरातील व्यावसायिक मित्र भेटले की औषधोपचारांच्या चर्चेनंतर एक तक्रार हमखास ऐकू येते: "लॅपटॉप उत्तम आहे, पण दीड-दोन वर्षांतच बॅटरी बसली. वीज गेली की पाच मिनिटांत पडदा काळा!" वळवाचा पाऊस सुरू झाला, दुपारी चारला आभाळ भरून आले, बाहेर दहा मुले ताटकळत बसली आहेत आणि वजनानुसार मात्रा काढता काढता पडदा मिटला, तर काय होते हे बालरोगतज्ज्ञाला सांगावे लागत नाही. घाईत पुन्हा केलेला हिशेब हा चुकीला दिलेले आमंत्रणच असतो.

या तक्रारीवर मिळणारे सल्लेही परस्परविरोधी असतात. कोणी म्हणतो, बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करा. कोणी म्हणतो, कायम प्लगला लावून ठेवा. कोणी रात्रभर चार्जिंग म्हणजे विष मानतो. मी व्यवसायाने बालरोगतज्ज्ञ आहे, विद्युत अभियंता नव्हे. परंतु ज्या वस्तूवर रोजचे काम अवलंबून आहे तिची शरीररचना व शरीरक्रिया समजून घेतली, की पथ्य आपोआप कळते, हा आपल्याच शास्त्राचा अनुभव आहे. त्याच क्रमाने हा विषय येथे मांडत आहे.

एक शब्द, दोन प्रश्न

"बॅटरी जास्त टिकावी" या वाक्यात दोन निराळे प्रश्न दडलेले असतात. पहिला, एकदा चार्ज केल्यावर ती किती तास चालेल? दुसरा, ती किती वर्षे चाकरी करील? पहिला प्रश्न आजच्या शिदोरीचा, दुसरा आयुर्मानाचा. दोहोंची उत्तरे वेगळी आहेत आणि त्यांची गल्लत झाल्यामुळेच बहुतेक चुकीचे सल्ले जन्माला येतात.

पहिल्या प्रश्नाचे गणित सोपे आहे. बॅटरीत साठणारी ऊर्जा वॅट-अवरमध्ये मोजतात आणि हा आकडा बॅटरीवर छापलेला असतो. ५० वॅट-अवरची बॅटरी आणि १० वॅट घेणारा लॅपटॉप असेल, तर पाच तास मिळतील. तोच लॅपटॉप २५ वॅट घेऊ लागला, तर दोनच तास. दुसरा प्रश्न रसायनशास्त्राचा आहे. त्याकडे अधिक लक्ष देऊ.

रचना आणि कार्य

आजच्या जवळजवळ सर्व लॅपटॉपमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. तिची पहिली व्यापारी निर्मिती जपानमध्ये सोनी कंपनीने १९९१ मध्ये केली. या शोधाच्या पायाभूत कार्यासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो यांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वेळी गुडइनफ ९७ वर्षांचे होते; त्यांच्याहून अधिक वयाच्या व्यक्तीला तोवर नोबेल मिळालेले नव्हते. दीर्घायुषी बॅटरीचा जनक स्वतःही दीर्घायुषी निघाला, असे म्हणावयास हरकत नाही.

बॅटरीतील प्रत्येक घटात तीन मुख्य भाग असतात. ऋण ध्रुवाकडे ग्रॅफाइट, धन ध्रुवाकडे कोबाल्ट, निकेल वा मँगनीजयुक्त ऑक्साइड, आणि दोहोंच्या मध्ये सच्छिद्र पडदा व सेंद्रिय द्रावण. चार्ज करताना लिथियमचे आयन धन ध्रुव सोडून ग्रॅफाइटच्या थरांत जाऊन बसतात; वापरताना ते परत फिरतात आणि त्यांच्या जोडीने इलेक्ट्रॉन बाहेरच्या मार्गाने वाहतात. तीच आपली वीज. घटाचा सरासरी दाब ३.६ ते ३.७ व्होल्ट असतो आणि तो पूर्ण भरला की साधारण ४.२ व्होल्टपर्यंत चढतो.

पहिल्याच चार्जिंगमध्ये ग्रॅफाइटवर एक अतिसूक्ष्म पापुद्रा तयार होतो. तो आवश्यक असतो; त्याच्यामुळे द्रावणाचे पुढील विघटन थोपते. परंतु हा पापुद्रा वयाबरोबर जाड होत जातो व प्रत्येक वेळी थोडे लिथियम कायमचे गिळतो. रोहिणीच्या भिंतीवर जाडी चढावी, पोकळी अरुंद व्हावी आणि प्रवाहाला अडथळा वाढावा, तसाच हा प्रकार आहे. म्हातारी बॅटरी म्हणजे जिची साठवण घटली आहे आणि जिचा अंतर्गत विरोध वाढला आहे अशी बॅटरी.

वार्धक्याची कारणे

बॅटरी दोन प्रकारे म्हातारी होते. एक वापराने आणि दुसरे केवळ काळाने. वापराचे मोजमाप आवर्तनांत करतात. शंभर टक्के क्षमता खर्च झाली की एक आवर्तन होते. आज पन्नास टक्के वापरली, चार्ज केली, उद्या पुन्हा पन्नास टक्के वापरली, म्हणजे दोन दिवसांत एकच आवर्तन झाले. साधारण बॅटरीची क्षमता ३०० ते ५०० आवर्तनांनंतर मूळच्या सुमारे ८० टक्क्यांवर येते. अलीकडच्या काही चांगल्या लॅपटॉपमध्ये ही मर्यादा १००० आवर्तनांपर्यंत नेलेली आहे.

आता दवाखान्यातील लॅपटॉपचा विचार करा. तो दिवसभर प्लगला जोडलेला असतो. त्याची आवर्तने फारच थोडी होतात. तरीही त्याची बॅटरी लवकर बसते. याचे उत्तर दुसऱ्या प्रकारात आहे. केवळ काळाने येणारे वार्धक्य दोन गोष्टींवर अवलंबून असते: तापमान आणि भरलेपण. कोबाल्टयुक्त घटांबाबत सर्वत्र दिले जाणारे आकडे बोलके आहेत. बॅटरी ४० टक्के भरून २५ अंश सेल्सिअसला वर्षभर नुसती ठेवली, तर तिची ९६ टक्के क्षमता शिल्लक राहते. तीच पूर्ण भरून ठेवली, तर ८० टक्के. तापमान ४० अंशांवर नेले, तर ४० टक्के भरलेल्या बॅटरीत ८५ टक्के क्षमता उरते, आणि पूर्ण भरलेलीत अवघी ६५ टक्के. एकदाही न वापरता एका वर्षात एक तृतीयांश आयुष्य संपते!

कारण उघड आहे. तापमान दहा अंशांनी वाढले की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो, हे आपण सर्व जण शरीरक्रियाशास्त्रात शिकलो आहोत. आणि घट पूर्ण भरलेला असताना त्याचा दाब सर्वाधिक असतो. त्या दाबाखाली द्रावणाचे विघटन जलद होते. घटाचा वरचा दाब ४.२ ऐवजी ४.१ व्होल्टवर थांबवला, तर आवर्तनांची संख्या ढोबळमानाने दुपटीच्या घरात जाते, असे मानले जाते.

म्हणजे उष्ण खोलीत, कायम शंभर टक्के भरून ठेवलेली बॅटरी ही सर्वात दुर्दैवी बॅटरी होय. धारवाडची हवा थंड म्हणून आपण अभिमानाने सांगतो. पण एप्रिल-मेच्या दुपारी तेथेही पारा ३५ अंशांच्या पुढे जातो, हुबळीत तर विचारूच नका. त्यात लॅपटॉपच्या पोटातील तापमान खोलीपेक्षा नेहमीच अधिक असते. आपले बहुतेक लॅपटॉप नेमके याच अवस्थेत दिवस काढतात.

जुने सल्ले कोठून आले?

परस्परविरोधी सल्ल्यांचा उगम तीन वेगवेगळ्या बॅटऱ्यांत आहे. "पूर्ण उतरवून मगच चार्ज करा" हा सल्ला निकेल-कॅडमियम बॅटरीचा. सुरुवातीच्या लॅपटॉपमध्ये आणि अनेक जुन्या वैद्यकीय उपकरणांत ती असे. अर्धवट उतरवून वारंवार भरली, तर तिला तेवढ्याच क्षमतेची जणू सवय लागे. लिथियम-आयन बॅटरीला असा स्मृतिदोष नाही. उलट तिला वारंवार शून्यापर्यंत नेणे हे उपासमारीसारखे अपायकारक आहे.

"कायम भरून ठेवा" हा सल्ला शिसे-आम्ल बॅटरीचा, म्हणजे आपल्या इन्व्हर्टरचा. ती अर्धवट उतरलेली राहिली, तर तिच्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि ती निकामी होते. तिला पूर्ण भरलेपण मानवते, वेळोवेळी शुद्ध जल लागते आणि चार्जिंगच्या वेळी हायड्रोजन निघत असल्याने मोकळी हवा लागते. एकाच दवाखान्यात जिन्याखाली इन्व्हर्टर आणि टेबलावर लॅपटॉप, अशा परस्परविरुद्ध प्रकृतीच्या दोन बॅटऱ्या नांदत असतात. वाताच्या रोग्याला आणि पित्ताच्या रोग्याला एकच पथ्य सांगून चालत नाही. येथेही तसेच आहे.

रात्रभराच्या चार्जिंगची भीती मात्र अंशतःच खरी आहे. आजच्या लॅपटॉपमधील नियंत्रक मंडल बॅटरी भरली की प्रवाह थांबवते, त्यामुळे 'अतिभरण' होत नाही. हानी होते ती भरून झाल्यावर तासन् तास शंभर टक्क्यांवर, आणि तेही उबेत, राहिल्याने.

शिदोरी कशी पुरवावी : खैराटचा धडा

आता पहिल्या प्रश्नाकडे, म्हणजे एका चार्जवर मिळणाऱ्या तासांकडे वळू. येथे मोठी बॅटरी घेण्यापेक्षा यंत्राची भूक कमी करणे अधिक फलदायी ठरते. याचा उत्तम दाखला मुलांसाठी घडवलेल्या एका लॅपटॉपने दिला आणि त्याचा महाराष्ट्राशी संबंध आहे.

'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या आंतरराष्ट्रीय उपक्रमाने गरीब देशांतील शाळकरी मुलांसाठी 'एक्सओ' नावाचा छोटा हिरवा-पांढरा लॅपटॉप तयार केला होता. २००६ मध्ये केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने ही योजना नाकारली. तथापि २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील कर्जतजवळच्या खैराट या लहानशा गावी, एकशिक्षकी प्राथमिक शाळेत तिचा भारतातील पहिला प्रयोग सुरू झाला. वीसेक मुलांच्या हाती हे लॅपटॉप आले. या उपक्रमातून शिक्षणात किती क्रांती झाली हा वेगळा वादाचा विषय आहे. आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती त्या यंत्राची काटकसर. त्याला पंखा नव्हता, फिरती हार्ड डिस्क नव्हती. पडद्यामागचा दिवा बंद केला तरी सूर्यप्रकाशात अक्षरे कृष्णधवल स्वरूपात वाचता येत. मुलगा पान वाचत असताना चित्र पडद्यावर कायम राही आणि प्रोसेसर झोपी जाऊ शके. त्या काळचे साधे लॅपटॉप वीस-तीस वॅट घेत असताना हे यंत्र मोजक्या काही वॅटवर चाले. त्यातील लिथियम-लोह-फॉस्फेट बॅटरी सुमारे २००० आवर्तने टिकावी, अशी योजना होती. हे रसायनही गुडइनफ यांच्याच प्रयोगशाळेतून १९९० च्या दशकात पुढे आले. ते उष्णता अधिक सोसते. म्हणूनच आज नव्या धर्तीच्या इन्व्हर्टरमध्येही ते दिसू लागले आहे.

डॉक्टरांना यासारखे दुसरे उदाहरण परिचित आहे. हृदयातील पेसमेकरची लिथियम बॅटरी अनेक वर्षे टिकते ती मोठी असते म्हणून नव्हे, तर मंडलाची गरज अत्यल्प असते म्हणून. खैराटच्या लॅपटॉपचा धडा आपल्या टेबलावरही लागू आहे. पडद्याचा उजेड हा लॅपटॉपच्या सर्वात मोठ्या खर्चांपैकी एक. तो डोळ्यांना पुरेल इतकाच ठेवावा. नको असलेले कार्यक्रम, ब्राउझरची वीस-पंचवीस उघडी पाने, विनाकारण जोडलेले पेन ड्राइव्ह व बाह्य डिस्क बंद कराव्यात. दोन रुग्णांच्या मध्ये दोन-तीन मिनिटांत पडदा आपोआप मिटेल, अशी सोय करावी. जुन्या लॅपटॉपमध्ये फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवल्यास वेगही वाढतो आणि विजेचीही बचत होते.

पथ्य

आयुर्मान वाढविण्यासाठीचे पथ्य थोडक्यात असे :

१. भरण्याची मर्यादा घालावी. लॅपटॉप दिवसभर प्लगला राहणार असेल, तर चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवावे. बहुतेक कंपन्यांनी यासाठी सोय दिली आहे. लेनोवोमध्ये ती 'कॉन्झर्व्हेशन मोड' या नावाने आढळते. आसुसमध्ये ६०, ८० व १०० टक्के असे पर्याय असतात. ॲपलने २०२० पासून बॅटरीचे आरोग्य सांभाळणारी व्यवस्था आपल्या लॅपटॉपमध्ये दिली आहे. ही मर्यादा एकदा ठरवली की रोज लक्ष ठेवावे लागत नाही. या एका उपायाचा लाभ इतर सर्व उपायांपेक्षा अधिक आहे.

२. शून्यापर्यंत नेऊ नये. २० टक्क्यांच्या आसपास चार्जर लावावा. संपूर्ण उतरवून पूर्ण भरण्याची क्रिया दोन-तीन महिन्यांतून एकदा केल्यास टक्केवारी दाखवणारा मापक बरोबर राहतो; बॅटरीच्या प्रकृतीसाठी तिची गरज नाही.

३. उष्णता टाळावी. लॅपटॉप उशी, गादी वा रजईवर ठेवू नये. त्याची श्वसनमार्गे बंद होतात. हुबळीकडील काळ्या मातीची धूळ पंख्याच्या जाळीत बसते, ती वर्षातून एकदा जाणकाराकडून काढून घ्यावी. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत लॅपटॉप ठेवू नये. बाहेर ३५ अंश असताना अशा गाडीत तासाभरात पारा ५० अंशांच्या पुढे जातो. याच कारणासाठी बालकाला बंद गाडीत क्षणभरही एकटे सोडू नये, हे मी पालकांना नेहमी सांगतो. तेथे प्रश्न बॅटरीचा नसून प्राणाचा असतो.

४. सुट्टीत अर्धी भरून ठेवावी. महिनाभर परगावी जावयाचे असल्यास बॅटरी सुमारे निम्मी भरून, लॅपटॉप पूर्ण बंद करून, थंड व कोरड्या जागी ठेवावा.

५. गरजेच्या दिवशी निःसंकोच पूर्ण भरावी. कलघटगी, कुंदगोळ, नवलगुंदकडे शिबिराला निघताना शंभर टक्के चार्ज करून लगेच वापर सुरू केला, तर काही बिघडत नाही. अपाय भरण्यात नाही, भरून तसेच पडून राहण्यात आहे.

एक महत्त्वाचा अपवाद

वरील पथ्य लॅपटॉपचे आहे. जीवरक्षक उपकरणांचे नव्हे. सिरिंज पंप, मॉनिटर, डिफिब्रिलेटर, नवजात अर्भकाला हलविताना वापरावयाचा व्हेंटिलेटर यांच्या बॅटऱ्या उत्पादकाच्या सूचनेनुसार सदैव पूर्ण भरलेल्याच असल्या पाहिजेत. त्यांचे आयुष्य दोन वर्षांनी घटले तरी चालेल. ऐन वेळी पाच मिनिटे कमी पडलेली चालणार नाहीत. अशा बॅटऱ्या ठरावीक मुदतीनंतर, त्या 'चालत असल्या' तरी, बदलून टाकाव्यात. कोठे दीर्घायुष्य महत्त्वाचे आणि कोठे तत्परता, हा विवेक डॉक्टरालाच करावा लागतो.

निदान

बॅटरीची प्रकृती अंदाजाने ठरवू नये. तिची तपासणी करता येते. विंडोज प्रणालीत 'बॅटरी रिपोर्ट' नावाचा अहवाल मिळतो. त्यात 'डिझाइन कपॅसिटी' म्हणजे जन्माच्या वेळची क्षमता आणि 'फुल चार्ज कपॅसिटी' म्हणजे आजची क्षमता, असे दोन आकडे असतात. दुसऱ्याला पहिल्याने भागावे. समजा, जन्मतः ५० वॅट-अवर होते आणि आज ४० आहेत, तर प्रकृती ८० टक्के. हा आकडा ६० च्या खाली गेला आणि आपल्या गावी वीज जाण्याचा संभव असेल, तर नवी बॅटरी घ्यावी. ती शक्यतो मूळ कंपनीचीच. स्वस्त नकली बॅटरीत संरक्षक मंडल निकृष्ट असू शकते. मी माझ्या दवाखान्यातील लॅपटॉपचा हा अहवाल दर सहा महिन्यांनी छापून ठेवतो. वाढीचा आलेख काढण्याची आमच्या शाखेची सवय येथे उतरणीच्या आलेखासाठी उपयोगी पडते.

गुंतागुंत

बॅटरीतील द्रावणाचे विघटन होऊन वायू साठला की ती फुगते. टचपॅड वर उचलला जाणे, झाकण नीट न मिटणे, तळ टेबलावर न टेकता डुलणे ही तिची लक्षणे. अशा वेळी लॅपटॉप त्वरित बंद करावा, चार्ज करू नये, बॅटरी दाबू वा टोचू नये आणि जाणकाराकडून ती काढून घ्यावी. ही भीती काल्पनिक नाही. २००६ मध्ये डेल कंपनीला सोनीने बनवलेल्या सुमारे ४१ लाख लॅपटॉप बॅटऱ्या परत मागवाव्या लागल्या होत्या. घटांत शिरलेले धातूचे सूक्ष्म कण अंतर्गत शॉर्ट सर्किट करून आग लावू शकत होते. विमानप्रवासात सुटी बॅटरी व पॉवर बँक सामानाच्या बॅगेत न घालता हातातच ठेवण्याचा नियम याच धोक्यामुळे आहे.

बालरोगतज्ज्ञ म्हणून लॅपटॉपमधील दुसऱ्या बॅटरीबद्दल बोलणे मला अगत्याचे वाटते. अनेक लॅपटॉपमध्ये, विशेषतः जुन्या, घड्याळासाठी २० मिलिमीटर व्यासाचा नाण्यासारखा लिथियम घट असतो. तसाच घट रिमोट, खेळणी, वजनकाटा आणि तापमापकातही असतो. लहान मुलाने तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला, तर त्याच्या ऋण बाजूस तीव्र अल्कली तयार होऊन दोन तासांतही गंभीर दाह होऊ शकतो. 'संपलेला' घटही निर्धोक नसतो. यंत्र चालवण्यास तो अपुरा असला, तरी ऊती जाळण्याइतका दाब त्यात शिल्लक असतो. क्ष-किरण चित्रात कडेला दुहेरी वर्तुळ दिसले, तर ते नाणे समजून वाट पाहू नये. तातडीने दुर्बिणीद्वारे घट काढावा. मूल एक वर्षापेक्षा मोठे असेल, गिळून बारा तास झाले नसतील व ते गिळू शकत असेल, तर रुग्णालयाच्या वाटेवर दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध, अधिकाधिक सहा वेळा, द्यावा. मात्र त्यासाठी निघण्यास उशीर करू नये. उलटी करवू नये, अन्य काही खाऊ-पिऊ घालू नये. जुना लॅपटॉप मुलांना 'उघडून पाहा' म्हणून देण्यापूर्वी दोन्ही बॅटऱ्या काढून घ्याव्यात.

विल्हेवाट

गेलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात टाकू नये. कचरागाडीत ती चिरडली गेली, तर आग लागू शकते. शिवाय तिच्यातील कोबाल्ट, निकेल, तांबे पुन्हा मिळवता येतात. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ अन्वये वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे. म्हणून ध्रुवांवर चिकटपट्टी लावून ती विक्रेत्याकडे वा अधिकृत ई-कचरा संकलन केंद्रात द्यावी. जैववैद्यकीय कचऱ्यासाठी आपण पिवळ्या व लाल पिशव्या आणि पांढरे व निळे डबे वेगळे ठेवायला शिकलो. जुन्या बॅटऱ्यांसाठी एक डबा ठेवणे त्या मानाने अगदी सोपे आहे. आपल्या संस्थेने सर्व सभासदांच्या दवाखान्यांतून वर्षातून एकदा अशा बॅटऱ्या एकत्र गोळा केल्या, तर हे काम सहज होईल, अशी माझी नम्र सूचना आहे.

उपसंहार

सारांश इतकाच की बॅटरीला भूक सोसत नाही, अतितृप्ती सोसत नाही आणि ऊन सोसत नाही. ती ८० टक्क्यांवर थांबवावी, २० च्या खाली जाऊ देऊ नये, गार जागी ठेवावी आणि दर सहा महिन्यांनी तपासावी. एवढे केल्यास तीच बॅटरी कितीतरी अधिक काळ साथ देईल आणि वीज गेलेल्या क्षणी, समोर तापाने फणफणलेले मूल असताना, आपला पडदा उजळलेला राहील. मिताहार, शीतल निवास आणि नियमित तपासणी हेच पथ्य आपण रोज दहा रुग्णांना सांगतो. टेबलावरील या मूक सहकाऱ्यालाही ते लागू करावे, एवढीच वाचकांस विनंती.